प्रज्वल निशिगंध: भुसावळच्या उन्हात कसोटीला उतरलेला कंद

निशिगंधाचे कंद घ्यायचा विचार असेल आणि तुम्ही भुसावळ, जळगाव, धुळे, शिरपूर अशा कुठल्याही तापणाऱ्या गावात राहत असाल, तर एकेरी पाकळ्यांचा ‘प्रज्वल’ घ्या. आणि कंद स्वतः हातात घेऊन, निवडून घ्या. या दोन गोष्टी सांभाळल्या की गच्चीवरच्या कुंडीतसुद्धा श्रावणापासून दिवाळीपर्यंत फुलं मिळतात. माझ्या गच्चीवर काही वर्षं हेच चाललंय, म्हणून इतक्या खात्रीने लिहितोय.

मी रेल्वेत लोको पायलट आहे. मालगाडी घेऊन कधी खंडव्याकडे जातो, कधी बडनेऱ्याकडे, आणि परतायची वेळ आपल्या हातात नसते. सकाळी फुलून संध्याकाळी मान टाकणारं फूल मला बघायलाच मिळत नाही. निशिगंध दिवस मावळताना उमलायला लागतो आणि रात्री त्याचा वास भरात येतो. ड्युटी संपवून रात्री दीड-दोनला घरी आलो की वरच्या मजल्याच्या जिन्यातच कळतं, आज गच्चीवर फुलं उमललीत. म्हणून सुगंधी कंदांपैकी मी जीव लावला तो याला.

कंद घेतले पारोळ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून. त्यांच्याकडे निशिगंधाचं छोटं रान आहे, सुटी फुलं पहाटे तोडून बाजारात जातात. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही आप्पाच म्हणतो. त्यांनी कंदाचे पाच रुपये लावले. आमच्याकडच्या नर्सरीत हाच कंद पंधरा ते वीस रुपयांना आहे आणि तिथे तो कधी उपटलाय, कुठल्या वाणाचा आहे, हे सांगणारं कुणी नसतं. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट आप्पांनी रानात उभं राहून शिकवली. त्यांनी बांधावर गोणपाट अंथरलं, ताजा उपटलेला गड्डा त्यावर आपटून माती झाडली. मधे एक मोठा, जाडजूड कंद आणि त्याच्या भोवती चिकटलेली लहान-मोठी पिल्लं, सगळ्यांवर तपकिरी, धाग्यांसारखी वाळकी सालं. मोठा कंद त्यांनी उचलला आणि सरळ बाजूला टाकला. म्हणाले, “हाऊ फूल दी चुकना, भाऊ. हाई पिल्लू ल्या.” म्हणजे हा फूल देऊन झालाय, हे पिल्लू घ्या.

मग त्यांनी त्या मोठ्या कंदाच्या डोक्यावरचा वाळका खुंट दाखवला. तिथूनच मागच्या हंगामात फुलाचा दांडा निघाला होता. निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. त्यानंतर तो फक्त पिल्लं घालतो, आणि पुढची फुलं ती पिल्लं देतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे निशिगंधाला घायपाताच्या वंशात, अगेव्हमध्ये घातलंय. ते कळल्यावर मला या सगळ्याचा उलगडा झाला, कारण बांधावरचा घायपातही आयुष्यात एकदाच उंच दांडा काढतो आणि मागे पिल्लं ठेवून वाळतो. दोघांचं मूळ मेक्सिकोकडचं. आपल्याकडचं ऊन निशिगंध का सोसतो, याचंही थोडंफार उत्तर त्यातच आहे.

तर निवडताना असा कंद घ्यायचा: अंगठ्याएवढा जाड, म्हणजे दोन सेंटीमीटर किंवा त्याहून थोडा जास्त, टोकाला निमुळता, दाबला तर टणक, आणि डोक्यावर जुन्या दांड्याचा खुंट नसलेला. टोकाशी हिरवट-पांढरा कोंब नुकता दिसायला लागला असेल तर उत्तम. करंगळीच्या टोकाएवढी पिल्लं स्वस्तात मिळतात, पण पहिल्या वर्षी त्यांना नुसती पाती येते. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ती लावावीत. ज्यांच्या गच्चीत चारच कुंड्या मावतात त्यांनी जाड कंदाचे पैसे मोजावेत.

याआधी आमच्या घरी एक ऑनलाइन पाकीट आलं होतं. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. पाकिटावर लाल, निळ्या, जांभळ्या निशिगंधाचे फोटो. आत हवाबंद प्लास्टिकमध्ये कोंडलेले कंद, त्यातले निम्मे मऊ पडलेले, सालीखाली निळसर बुरशी, आणि उरलेले इतके बारीक की त्या वर्षी फुलणं शक्यच नव्हतं. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण लागवडीचा हंगाम गेला तो गेलाच. आईने देवघरासाठी फुलं येतील म्हणून वाट बघितली होती, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. सगळ्यांना कळकळीने सांगतो: निळा निशिगंध कंदातून उगवत नाही. दुकानात निळ्या-जांभळ्या छड्या दिसतात त्या पांढऱ्याच असतात, रंगाच्या पाण्यात उभ्या करून रंगवलेल्या. गुलाबी आणि पिवळ्या छटांचे काही संकरित प्रकार परदेशात आहेत, पण आपल्या बाजारात ‘मिक्स कलर’ म्हणून जे विकलं जातं त्यावर विश्वास ठेवू नका.

आता प्रज्वलबद्दल. हा वाण बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला असलेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढला, ‘शृंगार’ आणि ‘मेक्सिकन सिंगल’ यांच्या संकरातून. शृंगारही त्यांचाच, एकेरी आणि दुहेरी निशिगंधाच्या संकरातला. ‘सुवासिनी’ आणि ‘वैभव’ हे त्याच संस्थेचे जास्त पाकळ्यांचे वाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ हा एकेरी वाणही आपल्याकडे लावला जातो, तो मी अजून लावलेला नाही. प्रज्वलची ओळख म्हणजे कळी. मिटलेली असताना तिच्या टोकावर फिकट गुलाबी झाक असते, फूल उमललं की ते पांढरंशुभ्र. फूल गावठी एकेरीपेक्षा मोठं, दांडा जाड आणि उंच. सुटी फुलं विकणारे आणि छड्या विकणारे, दोघांनाही तो चालतो.

शेजारच्या वहिनींच्या गॅलरीत दुहेरी निशिगंध आहे, त्यामुळे तुलना रोजच होते. दुहेरीचं फूल दिसायला भरगच्च, फुलदाणीत शोभतं. पण त्याची वरची बरीच फुलं नीट उमलतच नाहीत, अर्धवट मिटलेली राहून तपकिरी पडतात. वासातही ते एकेरीच्या मागेच. अत्तराच्या धंद्यातसुद्धा एकेरीच फूल घेतात. लग्नाच्या स्टेजसाठी छड्या हव्या असतील तर दुहेरी लावा. वासासाठी लावत असाल तर एकेरीला पर्याय नाही.

लागवडीचं जरा सविस्तर सांगतो, कारण भुसावळच्या गच्चीवर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पुण्या-नाशिकच्या लोकांनी दिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. पुस्तकात मार्च-एप्रिलची लागवड सांगतात. मी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावतो. कंद जमिनीत दोन इंच खाली असतो, त्याला उन्हाचा त्रास होत नाही. त्रास होतो तो कुंडी तापण्याचा. काळी प्लास्टिकची कुंडी स्लॅबवर थेट ठेवली की दुपारी बाहेरून हात लावता येत नाही, आत मुळं शिजतात. मी कुंभाराकडच्या मातीच्या कुंड्या वापरतो, बारा इंची, आणि प्रत्येक कुंडी विटांवर उचलून ठेवतो. खालून हवा खेळते, पाणीही तुंबत नाही. एका कुंडीत तीन किंवा चार कंद, जास्त नाहीत. मे महिन्यापुरतं पश्चिमेकडून हिरवं शेडनेट लावतो आणि पहिला पाऊस झाला की काढून टाकतो. नेट वर्षभर ठेवलं तर पाती लांबलचक होते आणि दांडे कमी निघतात. याला सहा तास तरी सरळ ऊन हवंच.

आपली काळी माती एकटी वापरू नका. पाणी धरते, फुगते, वाळली की कुंडीच्या कडा सोडून आक्रसते, आणि मग झारीने घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मी निम्मी काळी माती, बाकी भरड वाळू आणि कुजलेलं खत असं मिसळतो. खत येतं रावेरकडच्या मेहुण्यांच्या केळीबागेतून: घड कापल्यावर उरलेले खांब चिरून शेणाबरोबर कुजवलेले. केळीच्या खांबात पालाश (पोटॅश) भरपूर असतं, आणि फुलाच्या कंदाला ते मानवतं. सोबत कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी निशिगंधाला त्रास देते, त्यासाठी आप्पा सऱ्यांच्या कडेला झेंडू लावतात. मीही दोन कुंड्यांच्या मधे एक झेंडूची कुंडी ठेवतो. युरियाचा मोह टाळा. हिरवीगार पाती बघून डोळे सुखावतात, फूल मात्र येत नाही.

पाण्याचं तंत्र सोपं आहे पण तेच नेमकं लोक उलटं करतात. कोंब वर येईपर्यंत माती नुसती ओलसर ठेवायची. ऊन कडक आहे म्हणून रोज झारी रिकामी केली तर कंद सडतो. पाती वितभर झाली की मग रोज सकाळी पाणी, जूनमध्ये पाऊस लांबला तर संध्याकाळीही. आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकायची. खोडाशी पांढरी जाळी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर खोडकूज लागली समजा. ते झाड मातीसकट काढून लांब टाका, शेजारच्या कुंडीत पसरू देऊ नका.

अखाजीला लावलेल्या कंदाचा पहिला दांडा श्रावणात, कानबाईच्या सणाच्या सुमाराला डोकावतो. गणपतीत भर. दांडा पातीच्या मधून निघतो तेव्हा नुसता एक हिरवा भाला दिसतो. वाढत वाढत तो कमरेएवढा होतो आणि त्यावर जोडी-जोडीने कळ्या दिसायला लागतात. उमलणं खालून वर होतं. सगळ्यात खालची जोडी पहिल्या संध्याकाळी, तिच्या वरची दुसऱ्या दिवशी, असं करत एक दांडा दोन आठवडे पुरतो. प्रज्वलच्या कळीची गुलाबी झाक दिवसा बघून घ्या, कारण रात्री ती दिसत नाही. दिवेलागणीला कळीचं तोंड सैल होतं, सहा पाकळ्या हळूहळू मागे वळतात. पाकळीला हात लावून बघा, मेणाचा हात फिरवल्यासारखी जाड आणि गार लागते. या जाडीमुळेच फूल तोडल्यावर लगेच मलूल होत नाही. तोडल्यावरही ते वास सोडत राहतं. फ्रान्समधल्या ग्रास गावातले अत्तरवाले पूर्वी निशिगंधाची फुलं चरबीच्या थरावर मांडून त्यांचा वास चरबीत उतरवून घ्यायचे, तेही यामुळेच. आई संध्याकाळी सुटी फुलं तोडून पितळेच्या ताटलीत देवघरात ठेवते, आणि मी पहाटेच्या ड्युटीला निघतो तेव्हाही देवघराजवळ वास असतो. तिचे गुडघे दुखतात, गच्चीवर चढणं आता तिला जमत नाही, म्हणून एक कुंडी मी खाली तिच्या खिडकीबाहेर ठेवली आहे. तिथे ऊन कमी, दांडे कमी निघतात. पण जो निघतो तो तिचा.

उणिवाही सांगायला हव्यात. प्रज्वलचा दांडा कुंडीत उंच आणि जड होतो. पावसाळी वारा सुटला की आडवा पडतो आणि पडलेला दांडा वाकडा वाढतो. कळ्या दिसल्याबरोबर बांबूची काडी रोवून सुतळीने सैल बांधा. कोरड्या दिवसांत फुलकिडे येतात, कळीवर तपकिरी ओरखडे दिसतात आणि ती पूर्ण उघडत नाही. मी निंबोळी अर्क संध्याकाळी फवारतो, त्याने बऱ्यापैकी आटोक्यात राहतात. थंडीत फुलण्याची अपेक्षाच ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगल्याच गार असतात, धुळ्याकडे तर जास्तच, आणि या झाडाला थंडी सोसत नाही. पातीची टोकं पिवळी पडतात, वाढ थांबते. तेव्हा पाणी कमी करायचं आणि झाडाला झोपू द्यायचं. आणखी एक: बंद खोलीत फुलदाणी भरून ठेवू नका. वास इतका दाट असतो की काहींचं डोकं दुखतं. उघड्या खिडकीशी एक दांडा पुरे.

बाकी सुगंधी कंदांचं थोडक्यात. सोनटक्क्याचा वास मला निशिगंधाइतकाच प्रिय, पण त्याला दमट हवा आणि ओली माती लागते. आमच्या गच्चीवर मे महिन्यात त्याची पानं कागदासारखी करपली. न्हाणीच्या पाण्यावर, भिंतीच्या सावलीत, जमिनीत लावलात तर आपल्याकडेही तगतो. कुंडीसाठी शिफारस करणार नाही. भुईचाफा मात्र जरूर लावा. ऐन उन्हाळ्यात, पान नसताना, कोरड्या मातीतून जांभळी-पांढरी सुवासिक फुलं थेट वर येतात, आणि पानं नंतर पावसात. फूल दिवसभराचंच, पण त्या दिवसांत गच्चीवर दुसरं काहीच नसतं. स्पायडर लिली काटक आहे, संध्याकाळी मंद वास देते, पण पसरते फार, तिला बागेची जागा द्या. परदेशी फ्रीझियाच्या नादी मात्र लागू नका, त्याला लांब, थंड हिवाळा हवा.

प्रज्वलचा पाच रुपयांचा कंद पुढच्या वर्षी कुंडीभर पिल्लं देतो, म्हणजे पैसे एकदाच जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाती वाळली की कुंडी उपडी करायची, कंद मोकळे करायचे, खुंटवाले वेगळे, जाड पिल्लं वेगळी, बारीक वेगळी. सावलीत गोणपाटावर पसरून महिनाभर तसेच कोरडे ठेवायचे. ही विश्रांती झाली की कोंब एकसारखे फुटतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बांबूच्या टोपलीत ठेवा. दरवर्षी कुंडीतली मातीही बदलते, जुनी माती मी कढीपत्त्याला टाकतो.

कंद घ्यायची वेळही हीच. निशिगंधाचं रान शेतकरी साधारण तीन वर्षं ठेवतो, मग मोडतो. मोडताना गाडीभर कंद निघतात आणि तेव्हा तो निवडूनही देतो, वाजवी भावातही देतो. असा शेतकरी शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या गावातल्या हारवाल्याकडे सकाळी जा आणि निशिगंध कुठून येतो एवढं विचारा. अमळनेर, चोपडा, शहादा, कुठेही राहत असाल, हारवाल्याला ते माहीत असतंच. जाताना एक पिशवी आणि कापडाचा तुकडा घेऊन जा, उन्हात गाडीच्या डिकीत कंद कोंडू नका, आणि कंद हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर खुंट आहे का ते बघा.